चाकांवरचं घर, चाकांखालची जागा

जुना कॅराव्हॅनचा डबा विकत घ्यायचा, तो गाडीमागे जोडायचा आणि त्यातच कायमचं राहायचं, हा विचार सातारा-सांगलीत अजून हौशीच्या सदरात मोडतो. तरी तो आता नुसत्या गप्पांपुरता राहिलेला नाही. २०२० नंतर घरून काम करण्याची मुभा मिळालेले तरुण, नोकरी संपल्यावर पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन वाई-पाचगणीकडे यायचं म्हणणारी जोडपी, वडिलोपार्जित रानात पक्कं घर बांधण्याची ताकद नसलेले वारसदार, असे वेगवेगळ्या वाटांनी आलेले लोक याच प्रश्नाशी येऊन थांबतात. जुन्या डब्यात बारमाही राहता येतं का? परवडतं का? आणि कायदा त्याला घर म्हणतो का? या तीन प्रश्नांवर आज काय काय म्हटलं जातं, त्यातलं काय पक्कं आहे आणि कुठे गुंता आहे, ते इथे पाहायचं आहे.

शब्दांपासून सुरुवात केलेली बरी, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. स्वतःचं इंजिन असलेली, आत राहण्याची सोय केलेली गाडी ती मोटर कॅराव्हॅन. इंजिन नसलेला, दुसऱ्या गाडीने ओढायचा डबा तो ट्रेलर. आपल्याकडे ‘व्हॅनिटी’ म्हणून ओळखली जाते ती चित्रीकरणाच्या जागी उभी असणारी गाडी. वाई आणि मेणवलीच्या लोकांना ती परकी नाही; ‘स्वदेस’, ‘गंगाजल’पासून ‘दबंग’पर्यंतच्या चित्रीकरणांनी कृष्णाकाठच्या पोरांना पलंग, आरसा, संडास आणि वातानुकूलन असलेली गाडी केव्हाच दाखवली. ‘ट्रेलर’ म्हटलं की मात्र ऊसपट्ट्यातल्या माणसापुढे फाळके लावलेली ट्रॉलीच उभी राहते. प्रश्न जुन्या राहत्या ट्रेलरचा आहे, आणि या जिल्ह्यांना ट्रेलर माहीत आहे तो उसाचा.

आधीचे फिरस्ते

चाकांवर किंवा तंबूत संसार करणं या भागाला नवं नाही. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत आपल्या सर्कशीचे खेळ सुरू केले. कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे घोड्यांचं काम पाहणाऱ्या या माणसाने इटालियन कियारिनीची सर्कस मुंबईत पाहिली आणि तसं काही आपणही करू शकतो असं ठरवलं. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कसही नावाजली. माणसं, जनावरं, स्वयंपाक, आजारपण, बाळंतपण, सगळं मुक्कामाच्या मैदानावर. तमाशाच्या फडांचंही तसंच. कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड गावोगाव हिंडला आणि हंगामभर कलावंतांचा संसार ट्रकच्या फाळक्यामागे आणि राहुटीत चालला.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे आणि आजच्या चर्चेत ती सहसा कुणी काढत नाही. फिरणाऱ्यांचं एक गाव ठरलेलं होतं. ‘कवलापूरकर’ हे नाव फडाबरोबर फिरलं, पण पावसाळ्यात फड परतायचा तो कवलापूरला. चाकांवरचं आयुष्य हंगामी होतं, बारमाही नव्हतं.

ऊसतोड कामगारांचंही असंच. साखराळे, रेठरे बुद्रुक, यशवंतनगर इथल्या कारखान्यांच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, बीडसारख्या जिल्ह्यांतून आणि खुद्द सांगलीच्या जत-आटपाडी भागातूनही कुटुंबं येतात. ट्रॉलीत भांडी, शेगडी, कोंबड्या आणि पोरं घालून येतात आणि उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहतात. पाच-सहा महिने लहान जागेत संसार कसा होतो याचा अनुभव या दोन जिल्ह्यांत कुणाकडे असेल तर तो त्यांच्याकडे. त्यांना कुणी ‘कमी जागेतलं साधं जगणं’ वगैरे विचारायला जात नाही, कारण ते त्यांनी निवडलेलं नसतं.

बारमाही फिरणारेही होते आणि आहेत. घिसाडी, कैकाडी, नंदीवाले अशा जमातींनी गाढवाच्या पाठीवर, बैलगाडीत, पालात पिढ्या काढल्या. फलटण तालुक्यात वाढलेल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; बिऱ्हाड पाठीवर घेऊन जगणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने घरात आणून दाखवलं. माने यांनी पुढे साताऱ्याजवळ जकातवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली, कारण मुलांना शिकवायचं तर त्यांना कुठेतरी थांबवणं भाग होतं. राज्य शासनाची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनाही याच दिशेची आहे: भटक्या कुटुंबाला ५ गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचं घर. गेली अनेक दशकं सरकारचा आणि चळवळींचा सगळा जोर चाकांवरच्या माणसाला जमिनीवर आणण्यात गेला आहे. आताचे इच्छुक उलट दिशेने निघालेत, आणि त्यांच्यासाठी केलेली कुठलीच व्यवस्था या प्रदेशात आधीपासून नाही.

बाहेरून आलेली कल्पना

राहत्या डब्याची आजची प्रतिमा मात्र सर्कशीतून किंवा पालातून आलेली नाही. ती इंग्लंड-अमेरिकेतून आली. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने घोड्यांनी ओढायचा ‘वाँडरर’ नावाचा ऐसपैस डबा बांधून घेतला; हौसेखातर फिरण्याच्या कॅराव्हॅनची सुरुवात बहुधा तिथूनच मोजतात. अमेरिकेत वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये रिव्हेट ठोकलेल्या चकचकीत ॲल्युमिनियमचा डबा आणला. ‘व्हिंटेज ट्रेलर’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो तोच आकार. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकाने आणि त्यावरच्या चित्रपटाने त्याच चित्राची दुसरी बाजू दाखवली. घरभाडं परवडेना म्हणून म्हातारपणी गाडीत राहणारी आणि हंगामी मजुरी करत फिरणारी माणसं त्यात आहेत. बीडहून रेठऱ्याला येणाऱ्या कुटुंबाशी त्यांचं नातं एअरस्ट्रीमच्या जाहिरातीपेक्षा जवळचं आहे, असं मला वाटतं.

डबा मिळतो कुठे?

जुना डबा घेण्याच्या बाजूने बोलणारे तीन मुद्दे मांडतात. फ्लॅटपेक्षा खर्च कमी येतो. जुन्या कामाला मजबुती असते आणि हाताने दुरुस्त करता येतं. शिवाय जागा नकोशी झाली की हलता येतं. पहिल्या मुद्द्यावर त्यांचे विरोधक बँकेकडे बोट दाखवतात. गृहकर्ज मिळतं ते स्थावर मालमत्ता तारण ठेवून. डबा स्थावर नाही, त्यामुळे पैसे रोख उभे करावे लागतात, आणि जमिनीसारखी त्याची किंमत वर्षागणिक चढत नाही, उतरते. यावर पहिल्या बाजूचं उत्तर असं की, आम्ही गुंतवणूक करत नाही, राहायला घर घेतोय. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे.

खरी अडचण त्याआधीची आहे. आपल्याकडे जुन्या राहत्या ट्रेलरचा बाजारच नाही. परदेशातून जुनं मोटार वाहन आणायचं तर ते ३ वर्षांहून जुनं नसावं, अशी आयात धोरणाची अट आहे. ४०-५० वर्षांचा डबा जहाजातून आणण्याची स्वप्नं पाहणाऱ्याने आधी ती वाचावी. ‘व्हिंटेज’ या शब्दाचीही गंमत आहे. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं दिली. पण ती सवलत दुचाकी आणि मोटारींना आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही, अशी तिची अट आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी जे ‘व्हिंटेज’, ते जपायचं असतं. त्यात राहायचं नसतं.

मग लोक वळतात ते तीन गोष्टींकडे: जुनी बस, जुनी व्हॅनिटी किंवा नवी चासी घेऊन त्यावर जुन्या धाटणीचा डबा. एस.टी.च्या मोडीत निघालेल्या बसचं आकर्षण समजण्यासारखं आहे. रानात विहिरीपाशी उभी केलेली, खिडक्यांना पोती लावलेली एस.टी.ची बॉडी मी स्वतः पाहिली आहे. ती खतं ठेवायला होती आणि उन्हात आत पाय ठेववत नव्हता. पुण्यात २०१६ पासून जुन्या शहर बसची महिलांसाठी स्वच्छतागृहं केली गेली, त्यामुळे बसच्या आत पाणी आणि सांडपाणी नीट खेळवता येतं, हे सिद्धच आहे. पण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी नव्याने होत नाही, राज्य परिवहन महामंडळांच्या बसही त्यात आल्या. अशी बस उभी राहू शकेल, पळू शकणार नाही.

आर.टी.ओ.च्या खिडकीपाशी

इथे मतभेद कमी आणि गैरसमज जास्त आहेत. खासगी वापराचा कॅम्पर किंवा ट्रेलर बेकायदा आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ५ नोव्हेंबर २००४ च्या केंद्रीय अधिसूचनेने वाहनांच्या याद्या केल्या, तेव्हा खासगी वापराची कॅम्पर व्हॅन वा ट्रेलर बिगर-परिवहन वाहनांत घातला. पुढे मोटर कॅराव्हॅनसाठी ए.आय.एस. १२४ हे मानक आलं. आसनं आणि टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची कपाटं, आणि हे सगळं पक्कं बसवलेलं, अशी त्यातली किमान अपेक्षा.

अडतं ते ‘आपणच बांधू’ म्हणणाऱ्यांचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ नमुन्यात फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात ते कलम कडकपणे वाचलं. टेम्पो घेऊन वर्कशॉपमध्ये त्याचा पलंग-कट्टा करून घेतला तर नोंदणीपुस्तक आणि गाडी यांचा मेळ राहत नाही. अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तेच तपासते.

ओढण्याचा प्रश्न वेगळाच. इस्लामपूर, पलूस, कराड या पट्ट्यात ट्रॉली बांधणाऱ्याला एक्सल, पाटे आणि हूक यांचं शिक्षण द्यायची गरज नाही. पण उसाची ट्रॉली ट्रॅक्टर ओढतो, ताशी वीस-पंचवीसच्या चालीने. राहता डबा मोटारीमागे महामार्गावर न्यायचा तर त्याला स्वतःचे ब्रेक, दिवे आणि वजनाचा नेमका तोल लागतो. मागे भार जास्त झाला की डबा शेपटीसारखा हलतो आणि पुढची गाडीही घेऊन जातो. खंबाटकीचा घाट उतरताना हे शिकण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या फार थोड्या मोटारींना कंपनी ओढण्याचं वजन ठरवून देते. म्हणून जाणकारांपैकी बऱ्याच जणांचा कल ट्रेलरपेक्षा इंजिनवाल्या गाडीकडे आहे, आणि ७,५०० किलोपर्यंत हलक्या वाहनाचा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केल्याने त्या बाजूला बळही मिळालं आहे. ट्रेलरवाले यावर म्हणतात की इंजिन बिघडलं की घरच गॅरेजमध्ये जातं. हा मुद्दा खोडून काढणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

पाऊस, ऊन, पूर

परदेशी डब्यांच्या पुस्तकी सल्ल्यात साताऱ्याचा पाऊस धरलेला नसतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही पडत नाही. जुन्या डब्याचा शत्रू गंज नसून ओल आहे. बाहेरून ॲल्युमिनियम दिसलं तरी अनेक जुन्या डब्यांचा आतला सांगाडा लाकडी असतो. छपराच्या सांध्यातलं रबर किंवा लांबी सुकते, पाणी खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीत उतरतं आणि जमिनीची प्लायवूड कुजल्यावरच मालकाला कळतं. म्हणून जुना डबा बघायला जाताना रंगापेक्षा कोपरे दाबून पाहावेत, गालिचा उचलून पाहावा, जमिनीवर टाच आपटावी आणि वासावर विश्वास ठेवावा. पश्चिमेकडे चार महिने उभा राहणार असेल तर त्यावर पत्र्याची वेगळी शेड घालण्यावाचून पर्याय नाही, असं कोकण-घाटमाथ्यावरची कोणतीही व्यक्ती सांगेल. शेड घातली की मग तो ‘डबा’ राहतो का, हा पुढचा कायदेशीर प्रश्न.

उन्हाचा अनुभव महाराष्ट्राने वेगळ्या कारणाने घेतला. जुलै २०२३ मध्ये रायगडमधली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, आणि वाचलेल्या कुटुंबांना कायमची घरं मिळेपर्यंत चौक गावाजवळ कंटेनरमध्ये राहावं लागलं. पत्र्याच्या खोक्यात आणीबाणी म्हणून राहणं आणि घर म्हणून राहणं यात किती फरक आहे, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. मिरज-जतच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या आसपास खेळतो. उष्णतारोधक थर, दुहेरी छप्पर आणि झाडाची सावली या तिन्हींचा खर्च डब्याच्या किमतीत धरावा, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

पुराबद्दल एकमत नाही, आणि सांगलीपुरता मला हाच सगळ्यांत रसाचा भाग वाटतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा धोक्याची खूण ओलांडली. कायमच्या घराला हलता येत नाही, डब्याला येतं, तर पूरपट्ट्यात चाकांवरचं घरच शहाणपणाचं नाही का, असा युक्तिवाद आहे. कृष्णाकाठच्या गावांनी २०१९ मध्ये माणसं, म्हशी आणि धान्य ट्रॅक्टर-ट्रॉलीतूनच हलवलं, हे त्याच्या पुराव्यादाखल सांगितलं जातं. दुसरी बाजू म्हणते की त्या ट्रॉल्या रोज चालत होत्या. आठ महिने ठोकळ्यांवर उभ्या डब्याचे टायर चिरतात, बेअरिंगमधलं ग्रीस वाळतं, आणि ज्या रात्री पाणी चढतं त्या रात्री गावातला प्रत्येक ट्रॅक्टर दुसऱ्याच्या दारात असतो. शिवाय हलवायचं कुठे? पूररेषेबाहेरची जागा आधीपासून हाताशी हवी. ती असेल तर तिथेच का राहू नये? या प्रश्नाशी चर्चा दरवेळी थांबते.

जमिनीचा कागद

आतापर्यंतचे सगळे प्रश्न पैशाने आणि कारागिरीने सुटणारे आहेत. हा नाही.

डबा रस्त्याकडेला एक-दोन रात्री उभा राहील. बारमाही राहायचं तर जागा लागते. महाराष्ट्रात बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते. छोटा तुकडा घ्यावा म्हटलं तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत किमान क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ठरलं, म्हणजे एका डब्यापुरते दोन-तीन गुंठे रीतसर मिळणं अवघडच. स्वतःचं रान असेल तरी शेतीशिवायच्या वापराला महसूल कायद्याचे नियम लागू होतात.

इथे दोन वाचनं समोरासमोर येतात. एक म्हणतं, डबा हे वाहन आहे, बांधकाम नाही. गोठ्यात ट्रॅक्टर उभा करायला कोण परवानगी घेतं? दुसरं १९६६ च्या नगररचना कायद्यातली ‘विकास’ची व्याख्या दाखवतं. त्यात बांधकामाबरोबरच जमिनीच्या वापरातला महत्त्वाचा बदलही येतो. डबा हलला नाही, त्याला नळ आणि वीज जोडली, शोषखड्डा खणला, की वापर राहण्याचाच झाला. ब्रिटनमध्ये हा वाद १९६० च्या कायद्याने मिटवला. तिथे डबा म्हणजे काय ते ठरलं आणि डबे उभे करण्याच्या जागेला परवाना लागू लागला. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. वाई-महाबळेश्वरकडे पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात धरावं की महाबळेश्वर-पाचगणी १७ जानेवारी २००१ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे आणि कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथे ‘हे फक्त उभं आहे’ हा बचाव टिकवणं सगळ्यांत कठीण.

२०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे आणि ओढायच्या डब्यांचे प्रकारही धरले आहेत. त्यामुळे काहींना वाटलं की वाट मोकळी झाली. पण ते धोरण पर्यटकासाठी आहे. येणाऱ्यासाठी आणि जाणाऱ्यासाठी. राहणाऱ्याचा विचार त्यात नाही, आणि पर्यटन धोरणाकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नाही.

सांडपाणी, सिलिंडर, पत्ता

बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टी रोज छळतात. गॅसचं म्हणाल तर इंडियन ऑइलचा ५ किलोचा ‘छोटू’ पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. हा प्रश्न त्यातल्या त्यात सुटलेला. वीज सौरपट्ट्यांवर निभते, पश्चिमेकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये निभत नाही. मैल्याचं काम वाईने देशाला दाखवण्यासारखं केलंय: तिथल्या नगरपरिषदेने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने घरोघरच्या सेप्टिक टाक्या ठरल्या वेळापत्रकाने उपसायला सुरुवात केली आणि मैल्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प चालवला. त्या यादीत असतात त्या नगरपरिषदेच्या दप्तरी नोंदलेल्या मिळकती. डब्याखालची टाकी त्या दप्तरात कशी यावी?

पत्त्याचं सगळ्यांत अवघड. पासपोर्ट, बँक, शाळा, टपाल, प्रत्येकाला दार हवं. बरेचसे इच्छुक भावाचा किंवा आईचा पत्ता देऊन मोकळे होतात, म्हणजे त्यांचंही एक कवलापूर असतं. ज्यांना ते नाही त्यांच्यासाठी निवडणूक यंत्रणेत एक सोय जुनी आहे: बेघर माणसाची नोंद करताना केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जाऊन तो खरोखर तिथेच झोपतो का ते पाहतो. पालातल्या कुटुंबांसाठी केलेली ही तरतूद ॲल्युमिनियमच्या डब्यालाही लागू पडेल, पण मग डबा रोज रात्री त्याच जागी हवा, आणि फिरण्याची मुभा तिथेच संपते.

जनगणनेत २०११ साली बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली, बाकीच्यांची घरोघरी जाऊन. २०२७ च्या जनगणनेत मेणवलीच्या घाटाजवळ किंवा आटपाडीच्या माळावर असा एखादा डबा उभा असला, तर प्रगणक दारावर घरक्रमांक घालेल की त्या रात्रीच्या यादीत आतल्या माणसाचं नाव लिहील, हे त्याच्या हातातल्या सूचनापुस्तिकेइतकंच डब्याच्या चाकांखाली विटा आहेत की नाहीत यावर ठरेल.